गुंडी, पेन्सिल आणि नागपुरातली ‘ओटी’

ताई,

आम्ही मनीष नगरला राहतो. मुलगा साडेपाच वर्षांचा, केजी टूला आहे. बोलतो भरपूर, मेट्रोची सगळी स्टेशनं क्रमानं म्हणून दाखवतो. पण पेन्सिल अजून मुठीत धरतो. दोन ओळी लिहिल्या की हात दुखतो म्हणून रडतो. शर्टाची गुंडी लावता येत नाही, शाळेत डबा उघडता येत नाही. मिक्सर लावला की कान दाबून आतल्या खोलीत पळतो. वरणभात आणि दहीभात सोडून काही खात नाही, भाजीचा तुकडा जिभेला लागला की ओकारी. मिसनी सांगितलं, ‘ओटी करून घ्या.’ आम्हाला ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर माहीत! एका सेंटरला गेलो. दहा मिनिटं पाहून म्हणाले, ऑटिझमची लक्षणं आहेत, आठवड्याला पाच सेशन घ्या, सेशनचे सहाशे, तीन महिन्यांचे पैसे आधी भरा. हे बुटीबोरीला कंपनीत आहेत, मी घरी ब्लाउज शिवते. सासूबाई म्हणतात, ‘आमचा बाल्या बी असाच होता, होऊन जाते सगळं.’ मेडिकलमध्येही, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजात, हे होतं म्हणे, पण तिथं न्यावं का? कागद बनला तर पोराला शिक्का बसेल का? नेमकं जाऊ कुठं?

— एक आई

* * *

ऑपरेशन थिएटर वाटणाऱ्या तुम्ही पहिल्या नाहीत. ही ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, मराठीत व्यवसायोपचार. मी या कामात होते तेव्हा काटोलकडचे एक संत्रा बागायतदार नातवाला घेऊन आले होते. दारावरची ‘व्यवसायोपचार’ ही पाटी दोनदा वाचली आणि विचारलं, ‘बाई, पाच वर्साच्या पोराले कोणता व्यवसाय लावता तुम्ही?’ मी म्हटलं, त्याचा जो चालू आहे तोच. जेवणं, कपडे घालणं, खेळणं, शाळेत बसून काही करणं, हाच लहान मुलाचा धंदा. त्यात कुठं अडत असेल तर का अडतं ते शोधायचं आणि वाट काढायची. मराठी नाव जड आहे खरं, पण चुकीचं नाही. फिजिओथेरपिस्ट स्नायू, सांधे, चालणं यांकडे पाहतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट त्याच हातापायांनी मुलाला दिवसभरात काय करायचंय तिथून सुरुवात करतो.

म्हणून ‘कुठं जाऊ’ याच्या आधी तुम्हाला एक काम सांगते. ब्लाउजची मापं लिहायची वही असेलच तुमच्याकडे, तिचं मागचं पान उघडा आणि सात दिवस मुलाचा दिवस लिहा. ‘त्रास देतो’, ‘हट्टी आहे’ असं नका लिहू, काय घडलं ते लिहा. ‘सकाळी शर्ट: हात घातले, गुंडीपाशी थांबला, मी लावून दिल्या. ब्रश: तोंडात दोन सेकंद. मिक्सर: आधी सांगून लावला तेव्हा दारात उभा राहिला, न सांगता लावला तेव्हा पळाला.’ असं. शेवटी त्यातली दोन कामं निवडा, जी जमली तर तुमचं आणि त्याचं आयुष्य उद्यापासून हलकं होईल. दोनच. अक्षराची सगळी काळजी मिसना आहे, पण डबा न उघडल्यानं उपाशी राहणारा तो आहे. तुमच्या जागी मी असते तर डबा आधी लिहिला असता.

हे पान हातात असलं की चांगला थेरपिस्ट कोण आणि पॅकेज विकणारा कोण, ते पाच मिनिटांत कळतं. पहिला ते पान वाचतो आणि प्रश्न विचारतो. दुसरा ते बाजूला ठेवतो आणि फीचा तक्ता पुढं करतो.

थेरपीच्या आधी एक डोळ्यांची तपासणी करून घ्या, डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच, चष्म्याच्या दुकानात नव्हे. जवळचं धूसर दिसणाऱ्या मुलाची पेन्सिल वर्षभर सुधारत बसलेले आईबाप मी पाहिले आहेत. बालरोगतज्ज्ञांकडे वजन आणि हिमोग्लोबिनही बघून घ्या, दोनच प्रकारचा भात खाणाऱ्या मुलाला ते लागतंच. आणि घरी एवढं नीट पाहा: जमिनीवरून उठताना तो मांड्यांवर हात टेकवत स्वतःवरच चढल्यासारखा उठतो का? जिना चढताना लवकर दमतो का? आधी जमत होतं ते हल्ली जमेनासं झालंय का? यांतलं एकही ‘हो’ असेल तर ओटीबिटी बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा, तो स्नायूंचा वेगळा प्रश्न असू शकतो. तसं काही नसेल तरी ‘हात दुखतो’ यावर विश्वास ठेवा. काही मुलांच्या बोटांचे सांधे इतके सैल असतात की पेन्सिल धरून ठेवण्यातच त्यांची ताकद संपते. त्याचं बोट हळूच मागं वळवून बघा, तुमच्यापेक्षा बरंच जास्त वळत असेल तर तेही वहीत लिहा.

आता नागपूर.

मेडिकलला न्यावं का, तर हो, आधी तिथंच न्या. मेडिकलच्या आवारात व्यवसायोपचाराचं नुसतं एक टेबल नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची ओटीची शाळा आणि उपचार केंद्र आहे, तिथं पदवीचं शिक्षण चालतं. सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात ही पदवी शिकवणाऱ्या जागा महाराष्ट्रात फार नाहीत. मुंबईत केईएम, सायन, नायर, आणि इकडं आपलं मेडिकल. भारतात हा अभ्यासक्रम सुरू झाला तोच मुंबईत केईएमला, १९५० मध्ये, कमला निंबकर यांच्या प्रयत्नांतून. त्या मूळच्या अमेरिकन, लग्न करून निंबकर झाल्या. नागपुरात पॉश काचेच्या दाराआड बसलेल्या थेरपिस्टची पदवी विचाराल तर बऱ्याचदा उत्तर ‘मेडिकल’च येईल. म्हणजे ज्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून मिळतं, ती विहीर तुमच्या घरापासून स्कूटीनं अर्ध्या तासावर आहे.

सकाळच्या ओपीडीला जा. केसपेपर काढून आधी बालरोग विभागात दाखवा आणि तिथून ओटीसाठी चिठ्ठी घ्या. पहिला दिवस पूर्ण जाणार असं धरूनच निघा. पाण्याची बाटली, त्याचा दहीभात आणि वेळ जायला एखादं आवडीचं पुस्तक बरोबर असू द्या. गर्दी असते, आवाज असतो, आणि कानावर हात ठेवणाऱ्या मुलाला ते जड जाईल. शक्य असेल तर मुलाच्या बाबांना एक दिवस सुट्टी काढायला लावा. एकानं रांगेत उभं राहायचं, एकानं पोराला घेऊन बाहेर झाडाखाली थांबायचं.

तिथली खरी अडचणही सांगते. शिकवणारी संस्था आहे, त्यामुळे तुमच्या मुलाबरोबर प्रत्यक्ष बसणारा बहुधा इंटर्न किंवा विद्यार्थी असेल, वर देखरेखीला शिक्षक. पोरं-पोरी मनापासून काम करतात, उलट त्यांच्याकडे मुलासाठी वेळ जास्त असतो. पण त्यांची पाळी संपली की चेहरा बदलतो, आणि तुमच्या मुलाला नवा चेहरा रुचायला दोन-तीन फेऱ्या लागतील. तेव्हा पहिल्याच दिवशी विचारा, ‘एकच जण किती आठवडे राहील?’ आणि प्रत्येक वेळी काय केलं ते आपल्या वहीत त्यांच्याकडूनच लिहून घ्या. नवा माणूस आला तरी वही तीच राहते.

मेडिकल जमलंच नाही तर आणखी तीन सरकारी दारं आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि विकासात मागे पडणाऱ्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (इंग्रजीत डीईआयसी) पाठवतात. तिथं उपचाराला पैसे लागत नाहीत. पथकं अंगणवाड्या आणि सरकारी-अनुदानित शाळांत फिरतात, तुमची शाळा खासगी असेल तर ती दारात येणार नाहीत. जवळच्या अंगणवाडी ताईंना किंवा सरकारी दवाखान्यात ‘डीईआयसी’ एवढं विचारलं तरी पत्ता मिळतो. दुसरं, केंद्र सरकारच्या दिव्यांगजन विभागाचं कंपोझिट रीजनल सेंटर नागपुरात आहे, लोक सीआरसी म्हणतात. आणि तिसरं, मिहानमधलं एम्स, तुमच्याकडून वर्धा रोडनं सरळ. तिथली नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते, त्यामुळे पहिल्या तपासणीसाठी मला ते सोयीचं वाटतं. दर आठवड्याच्या थेरपीसाठी मात्र जे घराजवळ ते बरं. बेसा-मनीष नगरहून सदरला संध्याकाळी नेलेलं मूल पोहोचेपर्यंत अर्धं झोपलेलं असतं. सेशनच्या पंचेचाळीस मिनिटांतली वीस मिनिटं त्याला जागं करण्यातच जातात, पैसे मात्र पूर्ण पंचेचाळीसचे.

पैशांचं बोलू या. तुम्ही शिवणकाम करता, तुम्हाला हिशेब शिकवायला नको. आठवड्याला पाच, तेरा आठवडे, म्हणजे पासष्ट सेशन, एकोणचाळीस हजार रुपये, आणि तेही मुलगा त्या खोलीत रमतो का हे कळायच्या आधी. तुम्ही लिहिलेल्या अडचणींसाठी आठवड्यातून दोनदा आणि बाकी घरी रोज पंधरा-वीस मिनिटं, एवढ्यापासून सुरुवात करायला काहीच हरकत नसावी. तेरा आठवड्यांचे पंधरा हजार सहाशे होतात. हीही थोडी रक्कम नाही. पण चार सेशनचे पैसे देऊन थांबता येणं आणि एकोणचाळीस हजार आत गेल्यावर थांबता न येणं, यात फरक आहे. आगाऊ तीन महिने मागणाऱ्याला साधं सांगा, ‘महिन्याचे घ्या, पटलं तर पुढं.’ नाही म्हणाला तर नमस्कार करून खाली उतरा. त्या जिन्यावर लाज वाटते, मला माहीत आहे. सीताबर्डीवर साडीवाल्याशी अर्धा तास घासाघीस करणाऱ्या बायका डॉक्टरी खुर्चीपुढं गप्प होतात.

खासगीत कुणाकडेही जा, पण दोन गोष्टी विचाराच. पहिली, पदवी कुठली आणि नोंदणी क्रमांक काय? महाराष्ट्रात २००२ च्या कायद्यानं व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार यांची राज्य परिषद आहे, तिची नोंदणी असते. बीओटीएच किंवा एमओटीएच, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी हवी. दोन महिन्यांचा कोर्स करून ‘चाइल्ड थेरपिस्ट’ झालेल्यांचंही नाव पाटीवर सुबकच असतं. सेंटरच्या मालकाची पदवी पुरेशी नाही, खोलीत मुलाबरोबर बसणाऱ्याची विचारा. दुसरी, मी आत बसू शकते का? पहिल्या काही दिवसांत आई असली की मूल काम करत नाही, हे कधीकधी खरं असतं, पण मग काचेतून तरी दिसलं पाहिजे, आणि शेवटची पाच-दहा मिनिटं तुम्हाला शिकवण्यासाठी ठेवली पाहिजेत. दार कायम बंद ठेवणाऱ्याकडे मुलाला सोडू नका.

‘सेन्सरी’ हा शब्द तुम्हाला सगळीकडे ऐकू येईल. आवाज, स्पर्श, चव, तोल यांच्या संवेदना काही मुलांना फार टोचतात, काहींना पुरतच नाहीत. त्यावरून उपचाराची मांडणी जीन एअर्स या अमेरिकन थेरपिस्टनं केली, साधारण १९६०-७० च्या दशकांत. त्यात तथ्य आहे, तुमचा मिक्सरवाला प्रसंग त्यातलाच. पण अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ मध्ये सांगितलं की याला स्वतंत्र आजाराचं नाव देऊ नका, उपचार म्हणून वापरलं तर फायद्याचे पुरावे मर्यादित आहेत हे पालकांना सांगा आणि फरक पडतोय का ते मोजा. माझाही अनुभव तोच आहे. रंगीत झोका आणि बॉल पूल पाहून पोरगं खूष होतं, आईबापही. पण गुंडी झोक्यावर बसून लागत नाही, गुंडी लावून लागते. चांगला थेरपिस्ट झोका पाच मिनिटं वापरतो आणि मग गुंड्यांचा शर्ट समोर ठेवतो.

आणि ऑटिझम. इथं मला जपून लिहायचंय. दहा मिनिटांत तसं सांगणं चूकच होतं, आणि ते ठरवणं ओटीवाल्याचं एकट्याचं काम नव्हे. विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञ जन्मापासूनचा इतिहास विचारतात, मुलाला खेळताना बघतात, ठरावीक मोजपट्ट्या लावतात आणि मग बोलतात. पण चुकीच्या पद्धतीनं सांगितलं म्हणून ते खोटंच असेल, असंही धरू नका. ‘बोलतो भरपूर’ म्हणून ऑटिझम नाही, असं होत नसतं. आवाजाचा, अन्नाचा त्रास असा संवेदनांतला फरक २०१३ पासून ऑटिझमच्या लक्षणांत धरला जातो, मात्र तेवढ्यानं निदान होत नाही. तेव्हा मेट्रोच्या स्टेशनांचं कौतुक डॉक्टरांनाही सांगा. बाकी मुलांशी तो कसा खेळतो, तुम्ही बोट दाखवलं तिकडं बघतो का, स्वतःला आवडलेलं तुम्हाला आणून दाखवतो का, हे पत्रात नाही आणि खरा प्रश्न तिथं आहे. निदान होवो न होवो, गुंडी आणि डब्याचं काम आजपासून सुरू होऊ शकतं, त्यासाठी थांबायचं नाही.

या वाटेवर कुणीतरी तुम्हाला स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशींच्या उपचाराचंही सांगेल, बहुधा व्हॉट्सॲपवर. ऑटिझमसाठी तो उपचार करू नये, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगानं डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलेलं आहे. लाखांचा खर्च आहे तो. मंगळसूत्र गहाण ठेवायला निघालेली एक आई मी आठवडाभर फोन करकरून थांबवली होती.

शिक्क्याचं थोडक्यात: थेरपीला दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही, त्यामुळे मेडिकलच्या केसपेपरनं कुठलाही शिक्का बसणार नाही. पुढं निदान झालंच तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, ऑटिझम त्यातला एक. दिव्यांगत्व चाळीस टक्के किंवा जास्त असेल तर बरेच लाभ मिळतात, युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, ऑनलाइन अर्ज करून काढता येतं. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय ही आरोग्य विमा योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि त्यात थेरपीचाही खर्च बसतो. नुसत्या कच्च्या अक्षरासाठी यातलं काही नाही आणि तुम्हाला आज त्याची गरजही नाही.

आता घरी काय करायचं. थेरपिस्ट भेटेपर्यंतचे दोन-तीन आठवडे फुकट घालवू नका.

तुमच्या घरात मशीन आहे, ही मोठी सोय. जाड खादीच्या किंवा जुन्या जीन्सच्या दोन पट्ट्या घ्या. एकीवर रुपयाच्या नाण्याएवढी मोठी गुंडी लावा, दुसरीवर काज नेहमीपेक्षा पाव इंच सैल करा. पट्टी त्याच्या मांडीवर, तुम्ही मागं बसा, म्हणजे तुमचे हात त्याच्या हातांच्याच दिशेनं चालतील. सुरुवातीची सगळी कामं तुम्ही करा: गुंडी धरली, काजात घातली, अर्धी बाहेर काढली. शेवटचं ओढणं फक्त त्याचं. ‘लागली!’ हे त्याच्या हातून झालं पाहिजे. चार दिवस तेवढंच. मग अर्धी ऐवजी पाव बाहेर काढून द्या. असं उलटं मागं मागं यायचं. आपण नेहमी पहिली पायरी त्याला करायला लावतो आणि अडला की स्वतः पूर्ण करतो. मग त्याच्या वाट्याला रोज फक्त अडणं येतं. सोपी गुंडी जमली की लहान लावा, मग काज नेहमीचं करा. तुमच्या हातचं काम आहे, सेंटरवाल्यांना तो बोर्ड विकत आणावा लागतो.

लिहिणं दोन आठवडे बंद करा म्हटलं तर शाळा ओरडेल. तेव्हा कमी करा, दोन ओळींच्या जागी चार अक्षरं. लांब पेन्सिलऐवजी खडूचे किंवा क्रेयॉनचे तुकडे द्या, बोटाच्या पेराएवढे. तेवढा तुकडा मुठीत धरताच येत नाही, बोटं आपोआप पुढं येतात. भिंतीवर त्याच्या नजरेच्या उंचीला कागद चिकटवून उभ्यानं चित्र काढू द्या, मनगट आपोआप वर वळतं. बसून लिहायचं तर पलंगावर लोळून नको. पाय टेकले पाहिजेत, टेकत नसतील तर खाली पाट ठेवा. देवघरातला जुना पाट या कामी मी कितीतरी घरांत लावला आहे.

बोटांच्या ताकदीसाठी वेगळा व्यायाम विकत घेऊ नका. मटार, भुईमुगाच्या शेंगा सोलायला बसवा. कणकेचा गोळा मळू द्या. वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे काढायला लावा. उन्हाळ्यात कूलरच्या टाकीत पाणी भरायचं असतंच, अर्धी बादली दोन्ही हातांनी उचलून नेणं हे खांद्याचं, पोटाचं उत्तम काम आहे. शिवाय जो कूलर आपण भरला त्याच्या घरघरीची भीती थोडी कमी होते. मिक्सरचंही तेच करा. लावायच्या आधी सांगा, ‘पाच म्हटलं की लावते’, आणि बंद करायचं बटण त्याच्या हाती द्या. कान झाकून एका हातानं बंद करू दे, काही बिघडत नाही. आवाज कधी थांबेल हे आपल्या हातात आहे, एवढं कळलं तरी तो खोली सोडणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतच्या मिरवणुकीत मात्र ‘सवय होईल’ म्हणून महाल भागात ढोल-ताशांजवळ नेऊन उभं करू नका. त्याच दिवशी तान्हा पोळ्याला गल्लीत लाकडी बैल ओढत फिरू दे, दोरी धरणं आणि ओढणं दोन्ही होतं.

जेवणात जबरदस्ती नको, नाक दाबून तर नाहीच. भाताच्या ताटलीशेजारी वेगळ्या वाटीत गाजराचा एक तुकडा असू द्या. खायचा नाही, नुसता असू द्या. मग हातानं आजीच्या ताटात ठेवायचा. मग वास. तोंडापर्यंत यायला महिनाही लागतो. प्रत्येक गोळ्याला ओकारी येत असेल, पाणी पिताना ठसका लागत असेल तर मात्र थेरपिस्टला पहिल्याच दिवशी सांगा, गिळण्याचं वेगळं तपासावं लागतं.

मिसचा राग नका धरू, त्यांनी वेळेवर सांगितलं. पण त्यांनाही एक विचारा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षांचा काळ पायाभूत धरलाय आणि खेळातून शिकवा म्हटलंय. मग केजी टूत दोन-दोन पानं लेखन कशासाठी? हे भांडणाच्या सुरात नाही, ‘मिस, थेरपी सुरू करतोय, तोवर निम्मं लिहून चालेल का, बाकी तोंडी घ्याल का’ अशा सुरात. बहुतेक मिस हो म्हणतात. ‘डबा सैल झाकणाचा पाठवते, पण उघडून देऊ नका, शेवटचं त्याला करू द्या’ हेही सांगा. गुंडीचा नियम तिथंही चालतो.

राहिल्या सासूबाई. ‘बाल्या बी असाच होता’ हे वाक्य तुम्हाला टाळण्यासाठी म्हटलेलं वाटत असेल, पण डॉक्टर नेमकं हेच विचारतात: घरात कुणाला असं होतं का, किती वर्षांपर्यंत, पुढं शाळेत कसं झालं? ते मुलाच्या बाबांना आठवणार नाही, त्यांच्या आईला आठवेल. मूल कधी बसलं, कधी चाललं, कोणत्या महिन्यात पहिला घास ओकला, हे आजी तिथीवारासह सांगतात. तेव्हा त्यांना पटवत बसू नका, सोबत घेऊन चला. ‘आई, डॉक्टर विचारतील ते मला सांगता यायचं नाही’ म्हणा. नाही म्हणणार नाहीत.

आणि त्या दिवशी टी-शर्टात नेऊ नका. आपण नीटनेटकं, पटकन चढेल असं घालून नेतो आणि तिथं थेरपिस्टला बघायला काही उरत नाही. गुंड्यांचा शर्ट घाला, वरच्या दोन उघड्या ठेवा, आणि शाळेत उघडत नाही तोच डबा पिशवीत टाका, आत दहीभात.